बेंजोवर ‘आप जैसा कोई’: सरावाच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२५, घणसोली गावठाण, नवी मुंबई

तुळशीची लग्नं लागली की हळदीच्या सुपाऱ्या सुरू होतात, म्हणून आज आमच्या बेंजो पार्टीचे सगळे वादक गाण्यांच्या यादीवर बसलो. देवीचं गाणं, मग कोळीगीतं, आगरी गाणी आणि दहाच्या आधीचा शेवटचा धुरळा, हे ठरलेलं आहे. अडचण आहे ती मधल्या अर्ध्या तासाची. हळद लावून होते, पंगती उठायला लागतात आणि मंडप विस्कटतो. म्हातारी माणसं खुर्च्या धरतात, पोरं मागे मोबाईल काढून उभी राहतात. तेव्हा आजी आणि नातू दोघांनाही ओळखीचं वाटेल असं एक गाणं हवं.

मी ‘आप जैसा कोई’ सुचवलं. रोटो (काठ्यांनी वाजवायचे छोटे ड्रम) वाजवणाऱ्या पोरानं लगेच मान हलवली, ढोलकीवाले दादा गप्प. मास्तर तंबाखू मळत म्हणाले, “ते बेंजोवर कोणीपण वाजवतो. म्हणून तर कोणी नीट वाजवत नाही.”

म्हणजे होकार. मास्तरांकडे बेंजो (बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य), दादांकडे ढोलकी, इलेक्ट्रॉनिक पॅडवर मी, एक पोरगा कीबोर्डला, एक रोटोला. नोंदी मी ठेवणार. महापेला दिवसभर सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, तिथे काय बदललं ते लिहिल्याशिवाय सुटका नसते. तीच सवय इथे.

३० सप्टेंबर

गाणं बसवायच्या आधी ते कुठून आलं हे माहीत असावं असं मला वाटतं. मास्तरांना वाटतं, कान असले की झालं. तरी मी लिहून ठेवतो.

सिनेमा ‘कुर्बानी’, १९८०. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक फिरोज खान. संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण हे एक गाणं त्यांचं नाही. ते लंडनहून आलं. तिथल्या एका पार्टीत फिरोज खानला नाझिया हसन ही शाळकरी मुलगी भेटली. जन्म कराचीचा, ३ एप्रिल १९६५. त्यानं तिला बिद्दूकडे आवाज ऐकवायला पाठवलं.

हा बिद्दू मूळचा बंगळुरूचा. तिथे ‘ट्रोजन्स’ नावाच्या बँडमध्ये वाजवायचा, १९६७ च्या सुमारास लंडनला गेला. कार्ल डग्लसनं गायलेलं ‘कुंग फू फायटिंग’ हे १९७४ चं गाणं त्याच्या हातचं. ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकायचं म्हणून स्टुडिओची वेळ संपता संपता, शेवटच्या दहा मिनिटांत उरकलेलं, आणि ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकाला पोचलं. दोन वर्षांनी टीना चार्ल्सचं ‘आय लव्ह टू लव्ह’ त्यानं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाला नेलं. लोकांना खुर्चीवरून उठवायचं कसं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हिंदी सिनेमाशी त्याचा तोवर फारसा संबंध नव्हता, आणि माझ्या मते ते बरंच झालं.

शब्द इंदीवरचे. ‘चंदन सा बदन’ लिहिणारा तोच हा इंदीवर. आपल्याकडचे गीतकार कुठल्या दुकानात काय माल ठेवायचा ते बरोबर ओळखायचे.

गाणं आलं तेव्हा नाझिया पंधरा वर्षांची. पुढच्या वर्षी फिल्मफेअरचं गायिकेचं पारितोषिक तिला मिळालं. पडद्यावर झीनत अमान आहे, पुरती बाई, आणि आवाज शाळेतल्या मुलीचा. ऐकताना ते कधी खटकत नाही, कारण तो आवाज झीनतची नक्कल करतच नाही. लाडात येत नाही, आर्जव करत नाही. थोडा नाकातला, सपाट, जवळजवळ बेफिकीर. शब्द ‘कोणी आलं तर बरं होईल’ म्हणतात आणि आवाज म्हणतो, नाही आलं तरी माझं काही अडलेलं नाही.

५ ऑक्टोबर

पहिली बैठक. जागा नेहमीची, मास्तरांच्या घरामागची पत्र्याची खोली. पाऊस अजून गेलेला नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग केलं त्यात अर्धा पत्राच वाजतोय.

मास्तरांनी मुखडा कानावरून घेतला आणि सफाईनं वाजवला. ऐकायला उत्तम होता, पण ‘आप जैसा कोई’ नव्हता. प्रत्येक शब्दाच्या शेवटी खटका, ओळीच्या टोकाला मुरकी, ‘बात बन जाए’च्या पुढे एक लांबलचक हरकत. कव्वालीच्या अंगानं गेलं. दादांनीही मग ढोलकीवर उठाण घेतली आणि दोघं मिळून गाणं कुठल्या कुठे घेऊन गेले.

कारण उघड आहे. बेंजोवर बटण दाबलं की सूर लागतो, सोडलं की तुटतो. गळ्यासारखी किंवा सारंगीसारखी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, या वाद्यातून निघत नाही. लताबाईंची गाणी वरातीत वाजवून ज्यांची हयात गेली, त्यांनी ही उणीव झाकायला दोन सुरांच्या मध्ये झटपट बटणं मारायची युक्ती काढली. चाळीस वर्षांत तो हातच होऊन बसला. मास्तर हरकत ‘घेत’ नाहीत, ती आपोआप येते.

पण या गाण्याला मींडच नाही. नाझिया एका सुरावरून दुसऱ्यावर सरळ पाय टाकते. म्हणजे बेंजोची जी उणीव, ती इथे उणीवच राहत नाही, आणि तरी आम्ही तिची भरपाई करत बसलोय. मी हे मास्तरांना असं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “एकदा नुसतं सरळ वाजवून बघूया का?” त्यांनी बघितलं माझ्याकडे. म्हणाले, “सरळ काय, हार्मोनियम शिकणारी पोरं पण वाजवतात.”

पट्टी काळी दोन ठेवली आहे. बदलेल बहुतेक.

८ ऑक्टोबर

रात्री गटावर वाद. कीबोर्डवाल्या पोरानं २०२२ च्या ‘अॅन अॅक्शन हीरो’मधलं नवं रूप पाठवलं, मलायका अरोरा नाचते ते. त्याच्या वयाच्या मुलांना गाणं तिथूनच कळलंय आणि त्यात लाज वाटायचं काही नाही. त्याचं म्हणणं, बास त्यातला घेऊ, डीजेसारखा लागतो. माझं म्हणणं, डीजेसारखंच लागायचं असेल तर लग्नघरचे लोक डीजेलाच सुपारी देतील, आपल्याला कशाला? मास्तरांनी अंगठा दाखवला. कोणाच्या बाजूनं ते कळलं नाही.

१२ ऑक्टोबर

आजचा सगळा वेळ ठेक्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला.

डिस्कोचा ठेका कागदावर लिहिला तर हसू येईल इतका सोपा. चारही मात्रांवर बास ड्रम, एकसारखा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत झांजेचं ‘च्ची’. लय मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या पावलाएवढी. ज्याला नाचता येत नाही त्यालाही चालता येतं, यातच त्याची सगळी हुशारी आहे.

आमची कोळीगीतं मात्र सहाच्या झोक्यात चालतात. कमरेतून येणारी लय ती. हळदीत पहिला तासभर सगळं अंग त्या झोक्याला लागलेलं असतं. तिथून एकदम चारच्या सरळ चालीत आलं की लोक अडखळतात. मागच्या वर्षी एका हळदीत दुसरंच एक डिस्को गाणं असं पडताना पाहिलंय. बायकांचा फेर मोडला तो पुन्हा जमलाच नाही.

दादांनी मध्ये तिहाई, म्हणजे तीनदा येणारा एकच बोल, टाकून बघितली. बांधणी छान, पण तिहाईनं सहाचाच झोका आणखी पक्का होतो. रोटोवाल्या पोरानं लांब रोल दिला. तो रोल ऐकून लोक पुढचं कोळीगीतच समजणार. शेवटी ठरलं ते असं: आधीचं गाणं समेवर कट. सगळे गप्प. मग फक्त माझा बास ड्रम, एकटा, दोन आवर्तनं. त्यावर दादा ढोलकीच्या चाटीवर, म्हणजे कडेवर, दुसऱ्या-चौथ्या मात्रेला टाळी देणार. तिसऱ्या आवर्तनाला बेंजो. लोकांच्या पायांना नवीन चाल सापडायला तेवढी जागा लागते.

दादा कुरकुरले. ढोलकीवाल्याला नुसती टाळी वाजवायला सांगणं म्हणजे काय ते मलाही कळतं.

या ठेक्याच्या नशिबाची एक गंमत सांगायला हवी. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटानं उडवला होता. लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना झालाच नाही. अमेरिकेत डिस्कोवर असा राग निघत होता, आणि वर्षभरात आपल्याकडे ‘कुर्बानी’ आला. १९८१ ला नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचं ‘डिस्को दीवाने’, १९८२ ला ‘डिस्को डान्सर’. तिकडे ज्याचं तेरावं घातलं, त्याचं इकडे बारसं चाललं होतं. आणि आपल्याकडे ते ‘जुन्या फॅशनचं’ म्हणून कोणी कधी फेकून दिलं नाही, कारण ते क्लबमध्ये कमी आणि गणपतीत, हळदीत, वरातीत जास्त वाजलं. क्लबची फॅशन जाते. वरातीला फॅशन नसते, तिला फक्त रस्ता पुढे सरकवायचा असतो.

१४ ऑक्टोबर

बेंजोबद्दल एक नोंद, कारण कीबोर्डवाला पोरगा त्याला ‘आपलं पारंपरिक वाद्य’ म्हणाला. तसं ते झालंच आहे आता. पण मूळ जपानी. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसानं टाइपरायटरसारखी बटणं बसवून तारांचं एक वाद्य काढलं, ताइशोगोतो. तेच आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, आणि मुंबई-ठाण्याच्या गल्ल्यांत पिकअप लावून, साथीच्या तारा काढून, भोंग्यातून वाजायला लागलं तेव्हा बेंजो झालं. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नावापुरतंच नातं.

तर जपानी यंत्रावर, लंडनमध्ये बनलेली, बंगळुरूच्या माणसाची चाल, कराचीत जन्मलेल्या मुलीनं गायलेली, आणि ती वाजणार घणसोलीत. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, “आणि तारा मी भेंडी बाजारातून आणतो.”

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मास्तरांची बहीण, आमची आत्या, भाऊबीजेपासून इथेच आहे. सराव चालू असताना चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

‘कुर्बानी’ आला तेव्हा आत्या सोळा-सतरा वर्षांची. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ला झाली होती, वाशीचा खाडीपूल १९७३ चा, पण घणसोलीला त्याचं काय? शेतं, मिठागरं आणि पलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने. वाशीला लोकल आली ती १९९२ ला, आणि ठाणे-वाशी गाडी त्याच्याही बारा वर्षांनंतर. सिनेमा बघायचा तर एसटीनं ठाण्याला जायचं, घरातलं कोणीतरी मोठं बरोबर. ‘कुर्बानी’ला मुलींना कोण नेणार? “आमाला नाय नेला,” आत्या म्हणाली. “पिच्चरमधी काय काय हाय म्हनून.” म्हणजे आत्यानं झीनत अमान पाहिलीच नाही. तिनं गाणं ऐकलं गणपतीच्या मंडपातल्या भोंग्यावर, आणि मग कारखान्यात कामाला जाणाऱ्या शेजाऱ्यानं आणलेल्या रेडिओ-कॅसेटच्या टू-इन-वनवर. मुली शेतातून येताना म्हणायच्या. हिंदी पुरतं कळायचं नाही, पण ‘बात बन जाए’ कळायचं.

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. सिनेमातलं गाणं सिनेमाशिवाय जगलं. त्याला कथेची गरज नाही, पात्राची नाही, प्रसंगाची नाही. कोण कोणाला म्हणतंय याचा पत्ता नसला तरी चालतं. त्या काळची कितीतरी मोठी गाणी प्रसंग काढून घेतला की अर्धी होतात.

मग मास्तरच म्हणाले, “म्हण की.” आत्यानं आढेवेढे घेतले नाहीत. कपबशी हातात धरूनच म्हटलं. पट्टी आमच्यापेक्षा बरीच खाली, आवाज सरळ, एकही हरकत नाही, ओळ संपली की गप्प आणि मग पुढची ओळ. आम्ही तीन आठवडे जे शोधत होतो ते तिथे उंबऱ्यात उभं होतं.

मास्तर जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही धवलारणीसारखी म्हणते.” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी बाई ती धवलारीण. लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालतात. साथीला वाद्य नसतं, सूर सपाट असतो, आणि ती कोणालाही गाण्याची करामत दाखवत नसते. गाणं म्हणजे तिथे काम असतं. आत्याची सासू धवलारीण होती.

मास्तरांनी बेंजो पुढे ओढला आणि आत्याच्या पट्टीत मुखडा वाजवला. सरळ.

पट्टी बदलली. काळी दोन रद्द, आता पांढरी सहा, खालून.

२ नोव्हेंबर

बेंजो मार्गी लागला तर आता बाकीचे आम्ही आड येतोय.

लंडनला हे गाणं २४ ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झालं. त्या काळात मुंबईत सिनेमाचं गाणं बहुतेक वेळा असं व्हायचं: मोठा हॉल, भरपूर वादक, काचेआड गायक, आणि सगळे एकदम. एकाची चूक झाली की सगळं पुन्हा. त्यातून जो भरलेपणा यायचा त्याला तोड नाही. पण २४ ट्रॅकचं तंत्र वेगळं. बास वेगळा, ड्रम वेगळे, टाळ्या वेगळ्या, आवाज वेगळा. नंतर बसून ठरवायचं, कोणाला कुठे पुसायचं. ‘आप जैसा कोई’ नीट कान देऊन ऐकलं की कळतं, त्यात पुसलेलं बरंच आहे. आवाज गातो तेव्हा त्याच्या आसपास जवळजवळ कोणी नाही, खाली ठेका आणि बास. आवाज थांबला की दुसरं कोणीतरी बोलतं. मग ‘बात बन जाए’ पुन्हा येतं, ‘हां हां’ करत, आपल्याच बोलण्याला दुजोरा दिल्यासारखं.

ती मधली जागा ऐकणाऱ्याची आहे. तिथे टाळी पडते, तिथे मान हलते, तिथे मंडपातली मागची रांग ओरडते. ती जागा आम्ही भरली तर त्यांनी काय करायचं?

म्हणून आज मोठ्या कागदावर ओळीनिहाय लिहिलं, कोण कधी गप्प. कीबोर्ड मुखड्यात पूर्ण बंद, फक्त पीसमध्ये, म्हणजे गायनाच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यात. रोटो अंतऱ्याच्या शेवटी एकदाच. डिस्कोचा तो ‘प्यूं’ आवाज माझ्या पॅडमध्ये आहे आणि तो कुठेही मारायचा मोह होतो. तो दोनच जागी ठेवला. रोटोवाला पोरगा वैतागला. त्याचंही बरोबर आहे. हळदीत घाम गाळणाऱ्यालाच लोक पैसे ओवाळतात, गप्प बसणाऱ्यावर कोण नोट काढणार?

इको मात्र वाढवला. बेंजोचा सूर तुटतो ना, त्याला थोडी शेपूट मिळते आणि मास्तरांच्या बोटांना भरायला काही उरत नाही. ही युक्ती मनासारखी लागली.

९ नोव्हेंबर

फुटकळ पण गरजेचं.

नवऱ्याकडच्या एका काकांनी विचारलं, सिनेमाचं गाणं वाजवायला परवाना लागतो का, कोणीतरी त्यांना घाबरवलंय. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए): लग्नसमारंभ, वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम यांत गाणं वाजवणं हा हक्कभंग नाही. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्राच्या संबंधित विभागानं तसं पुन्हा स्पष्टही केलं. हळद त्यात येते. आमचं रेकॉर्डिंग नेटवर टाकणं मात्र त्यात येत नाही, म्हणून पोरांना सांगितलंय, सरावाच्या फाइली गटाबाहेर जाणार नाहीत.

भोंगा रात्री दहाला बंद. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार तो दंडक आहे, यात चर्चा नाही. म्हणजे आपलं गाणं सव्वानऊच्या आत.

आणि एक. गायिका पाकिस्तानची, यंदाच्या वातावरणात कोणी काही बोललं तर? प्रश्न रोटोवाल्यानं काढला आणि प्रश्न खोटा नाही. मास्तरांनी दोन वाक्यांत संपवला. “पिच्चर फिरोज खानचा, शब्द इंदीवरचे. आणि बेंजो माझा.” मला स्वतःला एवढं सोपं वाटत नाही, पण मंडपात माझ्याऐवजी त्यांनाच उत्तर द्यायचंय.

१६ नोव्हेंबर

पूर्ण सराव, भोंग्यासकट. लय चढते. पोरं तापली की ठोका पुढे पळतो आणि हे गाणं पळालं की त्याचा सगळा आब जातो, घाईत असलेल्या माणसासारखं दिसायला लागतं. मी कानात लयीचा ठोका देणारा क्लिक घातला आहे. दादांनी माझ्याकडे बघत वाजवायचं कबूल केलं. त्यांच्यासारख्या माणसानं पॅडवाल्याकडे बघायचं म्हणजे मोठेपणाच.

चहाच्या वेळी कीबोर्डवाल्यानं विचारलं, नाझिया नंतर काय करायची? सांगितलं: ‘डिस्को दीवाने’नंतर १९८२ चा ‘स्टार’, १९८४ चं ‘यंग तरंग’. शिक्षण सोडलं नाही, कायद्याची पदवी घेतली, संयुक्त राष्ट्रसंघातही काम केलं. गाणं हळूहळू मागे पडलं. १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेली, वय ३५. बिद्दूनं मधल्या काळात १९९५ ला अलिशा चिनॉयला घेऊन ‘मेड इन इंडिया’ केलं, आणि २०१२ च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये ‘डिस्को दीवाने’ पुन्हा आलं.

पोरगा म्हणाला, म्हणजे तिचा म्हातारा आवाज कोणी ऐकलाच नाही. खरं आहे. बाकीचे गायक आपल्याबरोबर वयानं वाढले, थकले, दूरदर्शनवर शाली पांघरून बसले. ‘आप जैसा कोई’ गाणारी मात्र अजून शाळेतच आहे. पण गाणं टिकण्याचं कारण म्हणून हे मी पुढे करणार नाही. लवकर गेलेले गायक पुष्कळ आहेत आणि त्यांची सगळी गाणी काही हळदीत वाजत नाहीत. ज्या गाण्याला आत्याचा गळा चालतो, मास्तरांचा बेंजो चालतो, मलायकाचा डीजे चालतो आणि पितळी बँडचा क्लॅरिओनेटही चालतो, त्या गाण्याच्या बांधणीतच काहीतरी आहे. एका सप्तकाच्या आतला मुखडा, सरळ सूर, मध्ये मोकळी जागा. वाजवणारा कितीही कच्चा असला तरी ओळख पटते.

२२ नोव्हेंबर, हळद

रात्री उशिरा लिहितोय, थोडक्यात.

मंडप गावठाणाच्या आतल्या बोळात, एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला सेक्टरच्या इमारतींची भिंत. नऊच्या सुमारास फेर सुटला, अंदाजाप्रमाणेच. कट. गप्प. त्या शांततेत कोणीतरी ओरडलं, “लाइट गेली काय?” मग माझा बास ड्रम. पहिल्या आवर्तनात कोणी हललं नाही आणि मला घाम फुटला. दुसऱ्यात दादांची टाळी पडली आणि ती लोकांनी उचलली, आम्ही न सांगता. बेंजोचा पहिला सूर लागला तेव्हा खुर्च्यांच्या रांगेतून आवाज आला. बायकांचा. मागची पोरंही आली, पण ती अंतऱ्याला. आधी उठल्या त्या पन्नाशी-साठीतल्या.

मास्तरांनी मुखडा सरळ वाजवला. दोन्ही वेळा. तिसऱ्या वेळी एक मुरकी घेतली, माझ्याकडे बघून, मुद्दाम. छान होती.

‘बात बन जाए’च्या पुढच्या मोकळ्या जागेत मंडपच ‘हां हां’ म्हणत होता. रोटोवाला तिथे हात वर करून गप्प उभा राहिला आणि त्या पोझवरच नवरदेवाच्या मामानं त्याच्यावर नोट ओवाळली.

२५ नोव्हेंबर

पुढच्या सुपारीच्या आधी करायचे बदल:

बास ड्रमची सुरुवातीची दोन आवर्तनं लांब वाटतात, पण कमी करायची नाहीत. त्याऐवजी दादांची टाळी पहिल्याच आवर्तनाच्या मध्यापासून.

कीबोर्डचा पीस भोंग्यात चिरका येतो. वरचे सूर एक सप्तक खाली घ्यायचे. पोरानं मान्य केलंय.

‘प्यूं’ दोनाऐवजी तीन जागी. लोकांना आवडतंय, माझा हट्ट सोडला.

शेवट ठरवायचा आहे. मूळ ध्वनिमुद्रण शेवटी हळूहळू विरतं, मंडपात तसं करता येत नाही. परवा आम्ही समेवर तोडलं ते उघडं पडलं. दादांचं म्हणणं, तिथूनच सहाच्या झोक्यात जाऊन थेट कोळीगीत धरू, आणि त्या तीन मात्रांपुरती ढोलकी त्यांना मोकळी द्यावी. रविवारी करून बघणार. आत्याला बसायला खुर्ची आणून ठेवायची, ती येते म्हणाली आहे.